कासव सापडलं, तर आधी पाय बघा

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या भागात मला सगळे बाईच म्हणतात, कारण इथल्या कितीतरी जणांना मी शाळेत जीवशास्त्र शिकवलंय. कुणाच्या गॅलरीत घुबडाचं पिल्लू पडलं, कुणाच्या पार्किंगमध्ये साप निघाला, की फोन मला येतो. कासवाचा फोन असला तर प्रश्न ठरलेला असतो: "बाई, कासव मिळालंय. उपवनला सोडून येऊ का?" नाहीतर, "येऊरला नेऊन सोडू?" विचारणाऱ्याच्या मनात दयाच असते, हे मला माहीत आहे. पण ते कासव जमिनीवरचं असेल तर उपवनच्या पाण्यात ते बुडून मरतं. येऊरच्या जंगलात सोडलं तर तिथेही ते बहुधा जगत नाही, फक्त मरायला जास्त दिवस लागतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

कासव उचलण्याआधी खाली वाका आणि त्याचे मागचे पाय बघा. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायासारखे असतात: जाड, गोल, खांबासारखे. बोटं वेगळी दिसतच नाहीत, पुढे फक्त बोथट नखं. पाण्यातल्या कासवाची बोटं सुटी दिसतात, बोटांच्या मध्ये पातळ कातडीचा पडदा असतो आणि नखं टोकदार असतात. पाठीवरून अंदाज बांधू नका. जमिनीवरच्या कासवाची पाठ उंच आणि घुमटाकार असते हे खरं, पण पाण्यातल्या काही कासवांचीही पाठ बऱ्यापैकी फुगीर असते. अंग आत ओढून घेतलं असेल तर हात न लावता थोडं लांब जाऊन थांबा. धोका टळला असं वाटलं की ते पाय बाहेर काढतं.

पाय खांबासारखे दिसले तर एक गोष्ट पक्की: हे कासव पोहत नाही. बादली, टब, बाथरूममधलं घमेलं, फिशटँक यात ते ठेवायचं नाही. घोडबंदर रोडवरच्या एका घरी मी गेले होते. तिथे एक स्टार टॉर्टॉइज, म्हणजे पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं कासव, घमेल्यात हनुवटीपर्यंतच्या पाण्यात उभं होतं, मान सारखी वर ताणून. घरातल्या आजी मला म्हणाल्या, "पाणी रोज बदलते हो मी, अगदी स्वच्छ ठेवते." त्या खरंच मनापासून काळजी घेत होत्या. जन्मभर पाण्याबाहेरच राहणारा कासवाचा प्रकार असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तहानेसाठी अशा कासवाला उथळ बशीत बोटभर पाणी पुरतं.

ठाण्यात हाती येणारी कासवं बहुतेक वेळा चारांपैकी एक असतात.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवट कासव म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. लहानपणी रुपयाएवढं असतं तेव्हा हौसेने आणतात, ताटलीएवढं झालं की तळ्यात टाकतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी घुसखोर जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तळ्यातल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायची जागा दोन्ही ते बळकावतं. म्हणून हे पाण्यातलं असलं तरी मासुंदा, कचराळी किंवा उपवन तलावात सोडायचं नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर चालताना दिसतं ते बहुतेक वेळा इंडियन फ्लॅपशेल. पाठ गुळगुळीत, कातडीने झाकलेली, नाक डुकराच्या मुस्काटासारखं पुढे आलेलं, आणि पोटाच्या बाजूला मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा. हे आपल्याच मातीतलं. उन्हाळ्यात चिखलात दडून राहतं आणि पाऊस पडला की नवं डबकं शोधायला निघतं. ते गाडीखाली येईल अशी भीती असेल तर ते ज्या दिशेने निघालंय त्याच बाजूला रस्ता पार करून द्या. उलटीकडे सोडलंत तर ते पुन्हा रस्त्यावरच येणार. पाठीवर तीन उभ्या कडा असलेलं काळपट कासव म्हणजे इंडियन ब्लॅक टर्टल. तेही इथलंच, तेही पाण्याजवळचं.

चौथं कासव सगळ्यांत जास्त दुःखाचं. काळ्या पाठीवर प्रत्येक उंचवट्याच्या मध्यापासून फाकत गेलेल्या पिवळ्या रेघा, म्हणजे तारांकित कासव, सगळे ज्याला स्टार कासव म्हणतात. ते ठाण्याचं नाही, कोकणाचंही नाही. त्याची घरं तीन: गुजरात-राजस्थान आणि लगतच्या पाकिस्तानातला कोरडा पट्टा, आंध्र-तामिळनाडू-कर्नाटकातला काटेरी झुडपांचा प्रदेश, आणि श्रीलंका. ठाण्यातल्या घरात ते दिसलं तर ते कुणीतरी पोत्यात नाहीतर सुटकेसमध्ये भरून आणलेलं असतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच भागातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं उचलली जातात असं आढळलं. २०१९ मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेलं. ते पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद.

आता पाय खांबासारखे आहेत पण पाठीवर चांदण्या नाहीत, असं कासव दिसलं तर? पाठ पिवळसर तपकिरी, त्यावर काळे डाग, कवच थोडं लांबट. मग तुमच्यासमोर जंगलातलं कासव असण्याची शक्यता आहे आणि इथे फार जपून वागायला हवं. मानेच्या बरोबर वर, कवचाच्या पुढच्या कडेला मधोमध बघा. तिथे एक छोटा अरुंद खवला असेल तर ते इलाँगेटेड टॉर्टॉइज असू शकतं. ते उत्तरेकडच्या साल वृक्षांच्या जंगलांपासून ईशान्य भारत ओलांडून पार आग्नेय आशियापर्यंत राहणारं, आणि आज अत्यंत संकटग्रस्त. तो खवला नसेल तर ते त्रावणकोर कासव असू शकतं. त्या जागेचा जवळून, स्पष्ट फोटो काढा. कासव आलं कुठून हे शोधताना वनखात्याला त्या एका फोटोचा फार उपयोग होतो.

त्रावणकोर कासवाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते आपल्याच पश्चिम घाटाचं लेकरू असून महाराष्ट्रात त्याची ओळख जवळजवळ कुणालाच नाही. १९०७ मध्ये बुलेंजर या शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं. केरळ, तामिळनाडू आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाबाहेर ते जगात कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. मोठं झालं की कवच फूटभर, क्वचित त्याहून जरा जास्त. सदाहरित आणि निमसदाहरित जंगल, ओलसर पानगळीचं जंगल, बांबूची बेटं, ओढ्याकाठची जागा हे त्याचं घर. दुपारी ते बांबूच्या गचपणात, पडलेल्या ओंडक्याखाली किंवा खडकाच्या फटीत पडून असतं. सकाळी आणि संध्याकाळी बाहेर पडतं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी अण्णामलाईच्या जंगलात या कासवांच्या पाठीवर छोटे रेडिओ ट्रान्समीटर लावून त्यांचा माग काढला. जंगलातल्या दलदलीच्या गवताळ तुकड्यांवर, ज्यांना तिकडे वायल म्हणतात, ही कासवं किती अवलंबून आहेत हे त्यातून दिसलं. नुसती झाडं राखून हे कासव वाचणार नाही, हे त्यातून मला नीट समजलं. जंगलाच्या मधला ओला गवताचा तुकडा आपल्याला मोकळी जागा वाटते. तोच नांगरला किंवा पाण्याखाली गेला, तर आजूबाजूची झाडं उभी असूनही कासवाचं चराऊ रान गेलेलं असतं.

खाण्याच्या बाबतीत ते नुसतं शाकाहारी नाही. गवत, कोवळी पानं, झाडाखाली पडलेली फळं, अळंबी तर खातंच, पण किडे, गोगलगायी, मेलेल्या प्राण्याचं मांसही खातं. पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, मीलनाचा काळ. तेव्हा डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांजवळ गुलाबी रंग चढतो. नर एकमेकांना कवचाने धडका देतात. नराची शेपटी लांब, टोकाशी नखासारखा काटा, आणि पोटाची बाजू आत वळलेली. मादी उथळ खड्डा करून एक ते पाच अंडी घालते. एवढीच. समुद्री कासवासारखी शंभरच्या हिशेबात नाहीत. म्हणूनच जंगलातून एक प्रौढ मादी उचलली तर ते नुकसान भरून निघायला अनेक वर्षं जातात. मांसासाठी शिकार, वणवे, रस्ते, धरणं, मळे, या सगळ्यांनी मिळून त्याला धोक्याच्या यादीत आणलंय.

"बाई, येऊर पण सह्याद्रीचाच भाग ना? मग तिथे सोडलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न मला एका हुशार मुलाने विचारला आणि तो चांगला प्रश्न आहे. दक्षिणेच्या त्या जंगलांना नैर्ऋत्य मोसमीनंतर परतीचा पाऊसही चांगला मिळतो. येऊरला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. डिसेंबरनंतर ओढे आटतात, पानं गळतात, मार्चपासून वणव्याची भीती. उन्हापासून पळून जाण्याइतकं कासवाचं चालणं कुठलं आलं? स्टार कासवाचं दुखणं नेमकं उलटं. त्याला कोरडी हवा लागते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत त्याच्या नाकातून पाणी गळायला लागतं, श्वासाला आवाज येतो आणि न्यूमोनियाने ते जातं. शिवाय घरात राहिलेलं कासव रोगजंतू घेऊन येतं, ते येऊरच्या कासवांना लागू शकतात. आणि ते गुजरातकडचं की आंध्रकडचं हे न बघता भलत्याच ठिकाणी सोडलं, तर दोन वेगळ्या वंशांची सरमिसळ होते. म्हणून सोडण्याचा निर्णय आपला नाहीच. तो तपासणीनंतर वनखातं घेतं.

मग आपण करायचं काय? १९२६ हा महाराष्ट्र वनखात्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, तो लावा. येऊरच्या जवळ असाल तर तिथल्या वनखात्याच्या ऑफिसात सरळ गेलात तरी चालेल. कासव कुठे, कधी, कुणाला, कशा अवस्थेत सापडलं हे कागदावर लिहून ठेवा. पंचनाम्याच्या वेळी आठवणीवर विसंबायला नको.

माणसं येईपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं घ्या, कासवापेक्षा थोडंच मोठं. तळाला वर्तमानपत्र, बाजूला भोकं, वरून झाकण. अंधारात ते शांत राहतं. उचलताना कवचाच्या दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी धरा आणि जमिनीपासून फार उंच नेऊ नका. बहुतेक वेळा घाबरून ते मुततं. कपडे खराब झाले म्हणून दचकून हातातून टाकू नका. जमिनीवरची कासवं मूत्राशयात पाणी साठवून ठेवतात, म्हणून त्यांना विनाकारण घाबरवायचं नाही. उलटं तर अजिबात करायचं नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाच्या लगेच खाली असतात, उलटं केलं की आतल्या सगळ्या अवयवांचा भार त्यांच्यावर पडतो.

खोकं गॅलरीत उन्हात नको आणि एसीखालीही नको. खायला काही देऊ नका. दूध, पाव, भात, बिस्किट तर मुळीच नाही. एका रात्रीच्या उपाशीपोटी कासव मरत नाही, चुकीच्या खाण्याने मात्र आजारी पडतं. घरात वर्षानुवर्षं कोबी आणि पावावर वाढलेली स्टार कासवं मी पाहिली आहेत. ऊन नाही, कॅल्शियम नाही, त्यामुळे कवच बोटाने दाबलं तर दबतं, पाय शरीराचं वजन पेलत नाहीत.

कवचाला तडा गेला असेल तर स्वच्छ सुती कापड हलक्या हाताने गुंडाळा आणि थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, वाटेतच १९२६ ला कळवा. फेव्हिक्विक, एम-सील, हळद, शेण काहीही लावू नका. तड्याच्या आत फुप्फुस उघडं पडलेलं असू शकतं, आणि चिकटवलेल्या भेगेत जंतू कोंडले की उपचार अवघड होतात. कवच मेलेलं असतं, त्याला काही कळत नाही, असं बरेच जण समजतात. ते चूक आहे. कवच हाडाचं असतं, फासळ्या आणि पाठीचा कणा त्यालाच जोडलेले असतात, त्याला स्पर्श आणि वेदना कळतात. कडेला भोक पाडून दोरी ओवणं किंवा पाठीवर ऑइलपेंटने नाव लिहिणं म्हणजे त्याला इजा करणं आहे.

हात साबणाने नीट धुवा, मुलांचेही धुवायला लावा. कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात, ते पोटात गेले की जुलाब आणि ताप.

एक विषय टाळता येत नाही. "घरात कासव असलं की लक्ष्मी येते" असं सांगून कासवं विकली जातात, आणि वीस नखी कासवाच्या नावाने तर लाखांच्या गोष्टी होतात. नखं मोजून बघा. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. फ्लॅपशेलच्या प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा. वीस नखांच्या शोधात किती कासवं पकडली जातात आणि हिशेब जुळला नाही म्हणून मारली जातात, या विचाराने मला झोप लागत नाही. शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. तीच श्रद्धा घरात हवी असेल तर पितळेचं कासव आणा. आणि बाजारात कोंबलेलं जिवंत कासव बघून कळवळा आला, तरी ते "सोडवण्यासाठी" विकत घेऊ नका. तुमच्या पैशातून विक्रेता पुढची दोन आणवतो. फोटो काढा, जागा लिहून घ्या, १९२६ ला कळवा.

आता ज्यांना जंगलातलं कासव खरंच बघायचंय त्यांच्यासाठी. त्रावणकोर कासव त्याच्या घरी बघायचं असेल तर परंबीकुलम व्याघ्र प्रकल्प ही चांगली जागा. ठाण्याहून नेत्रावती एक्स्प्रेसने शोरनूर, तिथून पालक्काड, पुढे पोल्लाचीमार्गे टॉप स्लिप आणि मग परंबीकुलम. प्रकल्प केरळात आहे, पण रस्ता तामिळनाडूतून जातो. जंगलात वनखात्याच्या परवानगीनेच जायचं आणि शक्य असेल तर तिथल्या काडर या आदिवासी समाजाच्या वाटाड्याबरोबर. या जंगलाचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणालाच नाही. त्याच पट्ट्यात केन टर्टल नावाचं हाताच्या तळव्यावर मावेल असं जंगलातलं कासव आहे. १९१२ मध्ये त्याचं वर्णन झालं, मग ते अनेक दशकं कुणाला दिसलंच नाही. १९८२ मध्ये जे. विजया या तरुण संशोधिकेने ते पुन्हा शोधून काढलं, त्यासाठी त्या चालकुडीच्या जंगलात गुहेत राहिल्या. भारतातल्या पहिल्या महिला सरीसृपतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. १९८७ मध्ये त्या गेल्या, आणि २००६ मध्ये त्या कासवाच्या प्रजातीला (जीनसला) त्यांचं नाव मिळालं: विजयाकेलिस. माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे दरवर्षी सांगत असे.

पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस निवडा. सकाळी उजाडल्यावर किंवा ऊन उतरल्यावर वायलच्या कडेने, जिथे गवत संपून बांबू सुरू होतो तिथे, अगदी सावकाश चाला. सतत पुढे बघू नका. थांबा आणि ऐका. वाळक्या पानांत कासव चालतं तेव्हा आवाज संथ, जड आणि सलग येतो. पक्षी पानं उकरतात तो आवाज तुटक असतो. फळं पडलेल्या झाडाखालची जमीन आणि ओंडक्यांच्या सावल्या नीट न्याहाळा. दिसलं तर चार-पाच मीटरवर खाली बसा. ते खात असेल तर खाऊ द्या. उचलून फोटो काढायचा नाही, कवच वाजवायचं नाही. दिसलं नाही तर ज्या जागा पाहिल्यात त्या वहीत लिहा: ओढ्याला पाणी होतं का, गवत किती उंच होतं, कुठे वणव्याची खूण होती. या नोंदी वाटाड्याला आणि वनरक्षकाला दाखवा, त्यांना त्याचा उपयोग होतो.

फोटो काढण्याआधी मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. कासवाचा फोटो ग्रुपवर टाकताना ओढ्याचं, वाटेचं, पाड्याचं नाव लिहू नका, जिल्ह्याचं नाव पुरे. शिकारी आणि व्यापारी तेच ग्रुप वाचतात. नोंद करायचीच असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर करा. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप धूसर केलं जातं.